उत्तर नको, कसं काढलं ते लिही

मार्केट यार्डात मेथीच्या ढिगामागं आईशेजारी बसलेल्या तिसरीतल्या पोरीला विचारा, पंधराला जुडी, तर चार जुड्यांचे किती? ती मान वर न करता साठ म्हणेल. आता तिची गणिताची वही उघडा. पंधरा गुणिले चार, उत्तर 420. पाच चोक वीस लिहिले, एक चोक चार त्याच्या डावीकडं मांडले. शेजारी तांबडी फुली.

या पोरीला गणित येत नाही, असं कृपा करून म्हणू नका. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांची पाहणी केली, 2025 साली ती 'नेचर'मध्ये आली. बाजारातले अवघड हिशोब तोंडी करणारी मुलं शाळेतल्या साध्या मांडणीला अडली. आणि नुसती शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशोबाला अडली. दोन्हीकडच्या गणितांची गाठच पडत नाही.

ती पडावी म्हणून माझं एकच मागणं आहे. मुलांना गणिताची रोजनिशी द्या. उत्तर लिहायला नव्हे, ते कसं काढलं ते लिहायला.

आडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी काय करतात? माल तोलला की आधी कीर्दीत नोंद, घडलं त्या क्रमानं. खात्यांवार मांडणी, म्हणजे खतावणी, मागाहून. कीर्दच नसेल तर खतावणी कशावरून लिहिणार? आपण मात्र मुलांकडं पहिल्या दिवसापासून खतावणीच मागतो. रोजनिशी ही मुलाची कीर्द. "दोन जुड्यांचे तीस. आजून दोनचे तीस. साट." 'साट' लिहिलं तर लिहू द्या, शुद्धलेखनाचा तास वेगळा आहे. खोडरबर तेवढं नको. कीर्दीत चुकलं तर एक रेघ मारतात, खालचं वाचता येतं. साठ आणि 420 एकाच पानावर आले की पोरगी स्वतःच विचारते, मेथीला चारशे वीस? तोच क्षण पकडा, बाई. पंधरातला एक म्हणजे दहा. चार दहा चाळीस, चार पाच वीस. गुण देऊ नका, शेरा लिहू नका. खाली एक प्रश्न लिहा : पाच जुड्या असत्या तर?

पुन्हा सांगते, कारण 'लिही' एवढंच ऐकून काही घरांत पाढे दहादा उतरवून घेतील. ती रोजनिशी नव्हे! कसं काढलंस, कुठं अडलास, एवढंच लिहायचं. पहिलीतल्यानं ठिपके काढावेत, जुड्यांची चित्रं काढावीत.

हमाली करून, तोलाई करून दमून आलेल्या आईबापांना वाचता येत नसेल, तरी हरकत नाही. लेकराला मोठ्यानं वाचायला सांगा. आणि तुम्ही तोंडी हिशोब कसा करता ते त्याला सांगा, त्याला लिहू द्या. कसं करता, तेच.

अपूर्णांकांबद्दल बोलायचं राहिलं, वेळ होत आली. किलोच्या भावावरून पाव किलोचा भाव मुलं निम्म्याचं निम्मं करून काढतात. उद्या तेवढं लिहून घ्या. पाऊण किलोचं मग बघू.