आखीव मल्लेश्वरम्

महाराष्ट्रातून बंगळूरला गेलेला प्रवासी बहुधा लालबाग आणि विधानसौध पाहून परततो. शहाजीराजांची आठवण मनात बाळगून तो आलेला असला, तर जुन्या पेठेत त्यांच्या वाड्याचा शोध घेतो, आणि हाती काही न लागल्याने हिरमुसतो. अशा प्रवाशाने एक सकाळ मल्लेश्वरम् या भागासाठी राखून ठेवावी.

मल्लेश्वरम् ही नकाशावर आधी रेखून मग वसवलेली वस्ती होय. १८९८ साली बंगळुरात प्लेग शिरला. जुन्या पेठेतील अरुंद गल्ल्या आणि दाटीची घरे यांमुळे साथीला आवर घालणे कठीण झाले. तेव्हा वायव्येस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी अशा दोन वस्त्यांची उभारणी म्हैसूर सरकारने नेटाने पुढे नेली. रस्ते एकमेकांस काटकोनात छेदणारे; घराभोवती मोकळी जागा. आडव्या रस्त्यांस नुसते क्रमांक आहेत; उभ्या रस्त्यांपैकी दोघांस मात्र झाडांची नावे लाभली. संपिगे म्हणजे चाफा आणि मार्गोसा म्हणजे आपला कडुलिंब.

ही आखणी सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र नव्हे. भूखंड वाटताना जातवार विभाग पाडले गेले. घरांमागे ज्या बोळी ठेवल्या, त्या मैला वाहून नेणाऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी होत्या. घरात हवा आणि उजेड यावा एवढा धडा प्लेगने शिकविला. माणसामाणसांतील अंतर मिटविण्याचा धडा त्या नकाशात उतरला नाही.

या सरळ रेषांच्या वस्तीत एका उंचवट्यावर काडु मल्लेश्वराचे देवालय आहे. काडु म्हणजे रान. रानातल्या या देवावरूनच वस्तीस नाव मिळाले. देवालयासमोरील शिलालेख १६६९ सालचा आहे. मल्लापूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव एकोजीराजांनी दान दिल्याची नोंद त्यात आहे. एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, हे शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. १६६४ साली राजे निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी हे दान झाले. पुढे एकोजी तंजावरास गेले आणि बंगळूर म्हैसूरच्या वडियारांकडे आले. दान दिलेले गावही शहराच्या पोटात गडप झाले. आज जेथे भारतीय विज्ञान संस्था उभी आहे, त्या परिसरात ते असावे असे मानतात. राज्य गेले, गाव गेले. देवापुढील दिवा मात्र त्याच वस्तीतील माणसांनी तेवत ठेवला आहे.

देवालयासमोरच आणखी एक नवल आहे. १९९७ साली तेथील मोकळ्या जागेत खणताना मातीखाली एक जुने तीर्थ सापडले. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते आणि तेथून पुष्करिणीत उतरते. एवढी काटेकोर मोजणी करून वस्ती वसविली, पण पायांखालच्या या पाण्याची वार्ता जवळजवळ शंभर वर्षे कोणाला नव्हती.

नगररचनाकाराने ध्यानी धरावी अशी गोष्ट येथेच आहे. रस्ता कितीही सरळ आखला, तरी त्या भूमीवर आपल्या आधी कोणी तरी राबलेले असते, कोणी तरी काही दिलेले असते. मल्लेश्वरम् आखणाऱ्यांनी देवालयास जागा ठेवली, म्हणून शिलालेख उरला आणि वस्तीला नाव मिळाले. आज तेथील जुने बैठे बंगले एकामागून एक पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत. नव्या घरांची गरज कोणी नाकारणार नाही. पण पाया खणण्यापूर्वी तेथे काय आहे हे पाहण्याइतका धीर हवा.

मराठी प्रवाशास येथे वाडा दिसत नाही, बुरूज दिसत नाही. दिसतो तो एक दगड. त्यावर जिंकल्याची नव्हे, दिल्याची नोंद आहे. परभाषिकांच्या गावात आपल्या पूर्वजांची याहून चांगली ओळख कोणती असणार?