आधार कोणता, निष्कर्ष कोणता?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



उपदेशाचे चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा होती. परंतु उपदेश ऐकून तुमचे कान किटले असतील. म्हणून आम्ही एका प्रश्नप्रकाराविषयीच बोलणार आहोत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून जी दुसरी प्रश्नपत्रिका आली, तीत तर्काचे प्रश्न असतात. २०१५ पासून तीत ३३ टक्के गुण मिळाले की पुरतात; पण तेवढेही न मिळाले तर पहिल्या पत्रिकेतील सारी हुशारी व्यर्थ जाते. आमच्याकडे शंका घेऊन येणारी मुले बहुधा एकाच ठिकाणी अडतात. उताऱ्यातील आधारविधान कोणते आणि निष्कर्ष कोणता, हेच त्यांना उमगत नाही.

शेवटचे वाक्य तो निष्कर्ष, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. आपल्या न्यायशास्त्रातील पंचावयवी अनुमान पाहा. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा आरंभीच मांडतात. तेथे धूर दिसतो, हा हेतू मागाहून येतो. पुढे स्वयंपाकघराचा दाखला, मग उपनय, आणि अखेरीस निगमनात प्रतिज्ञेचीच गोष्ट सिद्ध झाली म्हणून पुन्हा सांगतात. म्हणजे जे सिद्ध करावयाचे ते पहिलेही आणि शेवटचेही!

मग ओळखावे कसे? मराठीत 'कशावरून?' असा एक नामी प्रश्न आहे. ज्या विधानाला तो विचारता येतो आणि उताऱ्यातच त्याचे उत्तर सापडते, तो निष्कर्ष. उत्तर देणारे ते आधारविधान. येथे 'का?' असे विचारू नये, फसगत होते. नदीला गढूळ पूर आला आहे, तेव्हा वर घाटात पाऊस झाला असला पाहिजे, असे आपण म्हणतो. पाऊस हे पुराचे कारण खरे. तरी या युक्तिवादात पूर हा आधार आहे आणि पाऊस हा निष्कर्ष. घडण्याचा क्रम निराळा, कळण्याचा निराळा. 'म्हणून', 'यास्तव', 'कारण' हे शब्द खुणेचे खरे, पण परीक्षक ते मुद्दाम गाळतात.

दुसरी फसगत अशी: सर्व आंबे फळे आहेत; काही फळे आंबट आहेत; म्हणून काही आंबे आंबट आहेत. मुले तत्काळ 'बरोबर' अशी खूण करतात, कारण कैरी सर्वांनीच खाल्लेली असते! निष्कर्ष खरा असेल, पण तो या दोन विधानांतून निघत नाही. परीक्षेत दिलेल्या आधारापलीकडचे एक अक्षरही घेऊ नये.

व्यवहारात मात्र अर्धा आधार न बोललेलाच असतो. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. अक्का सातवी झाली तेव्हा वडील म्हणाले, गावात पुढची शाळा नाही, म्हणून हिने आता घरी बसावे. तीन वर्षांनी आमची पाळी आली. तेव्हा म्हणाले, गावात पुढची शाळा नाही, म्हणून याने तालुक्याला राहावे. आधारविधान अक्षरशः तेच, निष्कर्ष उलटा. मध्ये एक विधान दडलेले होते, आणि ते घरात सर्वांस ठाऊक असल्यामुळे कोणी उच्चारले नाही. उच्चारले असते तर निदान 'कशावरून?' असे विचारता तरी आले असते. आम्हीही विचारले नाही. तालुक्याला गेलो, मॅट्रिक झालो, मास्तर झालो. पुढे मुलांना युक्तिवादाची किती उदाहरणे दिली असतील. पण ही दोन वाक्ये फळ्यावर लिहिण्याचे धैर्य आम्हाला कधी झाले नाही.

'या युक्तिवादात काय गृहीत धरले आहे?' असा प्रश्न पत्रिकेत येतो, तेव्हा असे दडलेले विधानच हुडकावयाचे असते. त्यासाठी पर्यायातील विधान क्षणभर खोटे मानून पाहावे. युक्तिवाद कोसळला, तर गृहीतक तेच.

गेल्या दिवाळीत अक्का आमच्याकडे आली होती. आमची नात ते आंब्यांचे उदाहरण मोठ्याने वाचीत होती व 'बरोबर' म्हणून खूण करणार, तोच अक्का आतून म्हणाली, "अगं, ती आंबट फळं लिंबंच असली तर?" नातीने खूण खोडली.