चार भिंतींचे घर आणि खचलेले मन



मनुष्य खिन्न का होतो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाज आपल्या जीवनदृष्टीनुसार शोधत आला आहे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजाने ते नात्यांत शोधले. कुटुंब, पूर्वज आणि भूमी यांच्याशी असलेला धागा तुटला की मन खचते, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे.

काही व्याधींना हा समाज ‘माते माओरी’ म्हणतो. ‘तापू’ म्हणजे पावित्र्याचे निर्बंध. त्यांचा भंग झाल्यास मन आणि शरीर दोन्ही ढासळतात, अशी त्यामागील धारणा. ‘फाकामा’ ही दुसरी संकल्पना. लज्जा, अपमान किंवा उणेपणाची जाणीव यांमुळे माणूस मान खाली घालतो, बोलणे टाकतो, स्वतःत मिटून जातो. परक्या वैद्याला ते नैराश्य वाटू शकते, क्वचित उद्धटपणाही. आप्तांना मात्र त्या मौनाचा अर्थ कळतो. अशा प्रसंगी ‘तोहुंगा’ म्हणजे जाणत्या पुरुषाला पाचारण केले जाई. तो प्रार्थना म्हणे, वनौषधी देई आणि नेमके कोठे बिघडले, याचा शोध घेई.

शोकाची रीतही अशीच सामुदायिक आहे. ‘तांगिहांगा’ हा अंत्यविधी साधारणतः तीन दिवस चालतो. ‘माराए’ या सामाईक प्रांगणात पार्थिव ठेवले जाते आणि कुटुंबीय त्याच्या निकट बसून राहतात. येणारे लोक मृतालाच उद्देशून बोलतात, मोकळेपणाने रडतात. दफनानंतर सहभोजन होते. पुढे साधारण वर्षभराने स्मृतिशिळेचे अनावरण करण्यास सारे पुन्हा एकत्र येतात. शोक करणाऱ्यास एकटे सोडायचे नाही, हे या विधीचे मर्म होय.

या परंपरेवर १९०७ साली आघात झाला. ‘तोहुंगा दमन कायदा’ संमत झाला आणि पारंपरिक उपचार दंडनीय ठरला. येथे सत्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे विधेयक मांडणारे मंत्री जेम्स कॅरोल स्वतः माओरी वंशाचे होते आणि डॉ. माऊई पोमारे यांच्यासारख्या माओरी वैद्यांचा त्यास पाठिंबा होता. साथीच्या रोगांत भोंदू उपचारकांमुळे जीव जात असल्याचे त्यांना दिसत होते. त्यांची तळमळ खरी होती. परंतु कायद्याच्या कचाट्यात भोंदूंबरोबर जाणतेही सापडले. हा कायदा रद्द होण्यास १९६२ साल उजाडावे लागले.

दरम्यान समाजाची घडीच बदलली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ८० टक्क्यांहून अधिक माओरी ग्रामीण भागात, बहुधा आपल्याच कुळाच्या भूमीवर राहत. युद्धोत्तर काळात रोजगारासाठी ते शहरांकडे लोटले आणि दोन पिढ्यांत बहुसंख्य शहरवासी झाले. माराए दूर राहिले, भाषा मुलांच्या ओठांवरून निसटू लागली. मनोविकार व आत्महत्या यांचे या समाजातील प्रमाण तेथील इतरांपेक्षा अधिक आहे, याचा विचार या पार्श्वभूमीवरच करावा लागतो.

उत्तरही त्याच समाजातून आले. मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘ते फारे तापा फा’, म्हणजे चार बाजूंच्या घराची कल्पना मांडली. ‘वाइरुआ’ हा आत्मा, ‘हिनेंगारो’ हे मन, ‘तिनाना’ हे शरीर आणि ‘फानाऊ’ हे कुटुंब, अशा या चार भिंती. एक भिंत खचली की सारे घर डळमळते. केवळ शरीराला औषध देऊन उरलेल्या तीन भिंतींकडे पाठ फिरवली, तर रुग्ण पूर्णपणे सावरत नाही. न्यूझीलंडच्या आरोग्यव्यवस्थेने ही मांडणी स्वीकारली. माओरींसाठीच्या मानसोपचार सेवांत औषधोपचारासोबत कुलवृद्ध, प्रार्थना आणि कुटुंबाची बैठक यांनाही स्थान मिळाले. १९८२ मध्येच ‘कोहांगा रेओ’ म्हणजे ‘भाषेची घरटी’ सुरू झाली आणि आजी-आजोबांच्या तोंडची भाषा बालकांच्या कानी पडू लागली.

या अनुभवाचा बोध दुहेरी आहे. परंपरेच्या नावाखाली औषध नाकारणे हे रुग्णाशी केलेले वैर आहे. नैराश्य हा खरा आजार असून त्यास वैद्यकीय उपचार लागतात. तथापि औषधाची गोळी हाती ठेवून रुग्णाला एकटे सोडणे हीदेखील उपेक्षाच होय. पोमारे यांची विज्ञाननिष्ठा आणि तोहुंगाची आत्मीयता यांची सांगड घालण्यास त्या समाजाला पाऊण शतक लागले. ज्या घरात आज एखादे माणूस मूकपणे कोपऱ्यात बसले आहे, त्या घराला एवढी दीर्घ प्रतीक्षा परवडणारी नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि परतल्यावर त्याच्याजवळ बसावे.