कॅलेंडरचा खिळा

मैत्रिणींनो, गेल्या ऑक्टोबर छाटणीला निफाडकडच्या द्राक्षबागेत माझे चार दिवस मुकादमाच्या हिशोबात कमी भरले. भांडले, पण लिहून कुठे ठेवलं होतं? त्या महिन्यात गटाचा हप्ताही थकला, बैठकीत मान खाली.

घरी बघते तर कालनिर्णयावर दुधाचे खाडे अगदी बरोबर! १९७३ पासून हे कॅलेंडर निघतंय, दुधवाल्याचा हिशोब आपण त्यावर चोख ठेवतो. स्वतःच्या मजुरीचा नाही.

आता त्याच खिळ्याला दोरीनं पेन बांधलंय. बागेतून आलं की चूल पेटवायच्या आधी त्या तारखेच्या चौकोनात मजुरी लिहायची. सकाळवर टाकलं की विसरलंच समजा. लिहिता येत नसेल तर दिवसाला एक रेघ ओढा.

पोरं पेन पळवतात हो, दोरी आखूड ठेवा.