घरच्या शाळेंत दोन महायुद्धांचा इतिहास



अलीकडे कांहीं कुटुंबें आपल्या मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकवितात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस अशीं मुलें बसूं शकतात. त्यामुळें नेहमींच्या विषयांची फारशी चिंता उरत नाहीं. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास एखादा ऐच्छिक विषय परीक्षेच्या ओझ्यावांचून वर्षभर शिकवावयाचा असला, तर तो कोणता घ्यावा व कसा मांडावा, असा प्रश्न आईबापांपुढें असतो. माझें उत्तर असें कीं, १९१४ पासून १९४५ पर्यंतचीं दोन महायुद्धें हा तो विषय असावा. मी पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षक झालों आणि सारा जन्म मुलांत घालविला. म्हणून आईबापांस प्रथम हेंच सांगतों कीं, या कामास पांडित्य लागत नाहीं. एक चांगला नकाशासंग्रह, एक जाड वही आणि ‘हें तुला कशावरून समजलें?’ असें विचारण्याची संवय, एवढें भांडवल पुरे आहे.

हाच विषय कां, याचें कारण गंभीर आहे. आपल्या शहरांतील पदपथांवर हिटलरचें आत्मचरित्र राजरोस विकलें जातें, आणि ‘देशाला असाच एखादा कडक पुरुष पाहिजे’ असें वाक्य चांगल्या सुशिक्षित घरांतही ऐकूं येतें. शाळेंतल्या मुलाच्या कानीं असें मत पडलें, तर बाकावर शेजारीं बसलेला दुसरा मुलगा निदान वाद तरी घालतो. घरीं शिकणाऱ्या मुलास तो शेजारी नसतो. बापाचें मत हेंच त्याचें पाठ्यपुस्तक होऊन बसतें. म्हणून घरच्या शिक्षकानें आपलीं मतें बाजूस ठेवून पुरावा पुढें केला पाहिजे.

आतां योजना पाहूं. वर्षाचे तीस आठवडे धरावे व आठवड्यास दीड तासाच्या दोन बैठका घ्याव्या. पहिले सहा आठवडे १९१४ च्या कारणांस, पुढील सहा पहिल्या युद्धास, आठ आठवडे दोन युद्धांमधील काळास, आठ दुसऱ्या युद्धास आणि शेवटचे दोन निबंधास द्यावे. बहुतेक पुस्तकांत लढायांस भरपूर जागा असते आणि मधल्या वीस वर्षांस दोन पानें मिळतात. माझ्या मतें खरा धडा त्या मधल्या वर्षांतच आहे.

पहिल्या भागांत मुलाकडून एक तक्ता करवून घ्यावा. २८ जून १९१४ रोजीं सारायेव्हो येथें ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि ४ ऑगस्ट रोजीं इंग्लंड युद्धांत उतरलें. मध्यें सदतीस दिवस गेले. व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडन असे पांच रकाने आंखावे. २३ जुलैस ऑस्ट्रियानें सर्बियास निर्वाणीचा खलिता दिला, २८ जुलैस युद्ध पुकारलें, १ ऑगस्टला जर्मनीनें रशियाविरुद्ध व ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध पुकारलें. प्रत्येक तारखेसमोर त्या त्या राजधानींतील मंत्र्यांस काय ठाऊक होतें आणि त्यांना आणखी काय करतां आलें असतें, हें मुलानें लिहावें. तक्ता पुरा होतांच त्याच्या ध्यानांत येतें कीं, युद्ध हें वळिवाच्या पावसासारखें आपोआप येत नाहीं. माणसें एकेक निर्णय घेत तें ओढवून आणतात.

दुसऱ्या भागांत लढायांची जंत्री पाठ करूं देऊं नये. तीन ठिकाणें घ्यावीं. पहिलें फ्रान्समधील सोम नदीचें खोरें. तेथें १ जुलै १९१६ या एका दिवसांत ब्रिटिश सैन्याचे सुमारें ५७,००० लोक जायबंदी वा गतप्राण झाले, त्यांत मेलेले १९,००० हून अधिक होते. दुसरें मेसोपोटेमियांतील कुत-अल-अमारा. डिसेंबर १९१५ पासून तेथें वेढ्यांत अडकलेल्या फौजेंत मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं ती फौज उपासमारीनें शरण गेली आणि कैदेंत पुष्कळांनीं प्राण सोडले. तिसरें ठिकाण म्हणजे आपलें स्वतःचें गांव. महाराष्ट्रांतील अनेक गांवांत, गांवांतून इतके पुरुष महायुद्धास गेले व इतके परत आले नाहींत, असें सांगणारी शिला भिंतींत बसविलेली आहे. मुलास तेथें न्यावें, ती शिला वाचवावी आणि मग विचारावें : हिच्यावर कोणाचें नांव नाहीं? खेंचरें हांकणारे, स्वयंपाकी, जखमी वाहणारे यांची गणना कोठें झाली?

याच भागांत हिंदी शिपायांनीं फ्रान्समधून घरीं धाडलेलीं पत्रें वाचावीं. तीं लष्करी तपासनिसांनीं उघडून त्यांचे उतारे करून ठेविले, म्हणूनच आज तीं उपलब्ध आहेत. तपासनिसास चुकविण्यासाठीं कांहीं शिपाई आपल्या लोकांस ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या सैनिकांस ‘तांबडी मिरची’ म्हणत. पत्र लिहिणारास कोणाची भीति होती, हें ओळखल्यावांचून पत्राचा अर्थ लागत नाहीं, हें मुलास एका बैठकींत कळतें.

तिसरा भाग हा या अभ्यासाचा कणा आहे. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. नोव्हेंबर १९२३ मध्यें एका डॉलरास सुमारें ४.२ लाख कोटी मार्क पडत. येथें मुलाकडून दोन ओळींचा आलेख काढवावा : जर्मनींतील बेकारी व नाझी पक्षाचीं मतें. १९२८ सालीं त्या पक्षास शेंकडा २.६ मतें होतीं. मंदी आल्यावर १९३० सालीं १८.३ झालीं, बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरांत गेली तेव्हां, जुलै १९३२ मध्यें, ३७.३ झालीं, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ३३.१ वर उतरलीं. तरीही ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला. मुक्त निवडणुकींत त्यास बहुमत कधींच मिळालें नव्हतें. मग सत्ता कोणीं हातीं दिली, आणि ‘याला आपण मुठींत ठेवूं’ असें कोणास वाटलें? कडक पुरुषाची वाट पाहणाऱ्या प्रत्येकानें हा प्रश्न एकदां तरी सोडवावा.

यहुद्यांच्या संहाराकडे याच वाटेनें यावें. आरंभींच भयंकर छायाचित्रें दाखवूं नयेत; कायदे दाखवावे. एप्रिल १९३३ मध्यें यहुद्यांस सरकारी नोकरींतून काढलें, १९३५ सालीं नागरिकत्व काढून घेतलें, नोव्हेंबर १९३८ मध्यें त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळलीं, आणि पुढें सुमारें साठ लाख जीव घेतले. प्रत्येक पायरीवर शेजारी काय करीत होते, हें विचारावें. आपल्या कोंकणांत बेने इस्रायल समाज शतकानुशतकें तेलाचा धंदा करीत, मराठी बोलत निर्धास्त नांदला, हेंही त्याच वेळीं सांगावें. म्हणजे यहुदी हा शब्द मुलास परका राहणार नाहीं.

दुसरें युद्ध शिकवितांना हिंदुस्थान मध्यभागीं आणावा. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयांनीं येथील लोकप्रतिनिधींस न विचारतां देश युद्धांत असल्याचें जाहीर केलें. मग तरुणांपुढें अनेक वाटा फुटल्या. यशवंत घाडगे मराठा पलटणींतून इटलींत लढले व १० जुलै १९४४ रोजीं पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच काळीं सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकारचे तरुण ब्रिटिश सत्तेशीं झगडत होते, आणि पूर्वेकडे आझाद हिंद फौज उभी होती. मुलास एकेका आठवड्यास एकेकाची बाजू मांडावयास लावावी. मग त्यास कोणालाही भित्रा किंवा देशद्रोही म्हणण्याची घाई होत नाहीं. बंगालचा १९४३ चा दुष्काळ, १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदींतील स्फोट, कोल्हापुराजवळ वळिवडे येथें आश्रय मिळालेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, आणि हिरोशिमा व नागासाकी, हीं सारीं याच भागांत यावीं.

वहीचा एकच नियम असावा. आंकडा लिहिला कीं तो कोणीं मोजला, हें खालीं लिहावें. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानें हिंदुस्थानांत किती मेले, याचा प्रारंभींचा सरकारी अंदाज सुमारें साठ लाखांचा होता. पुढच्या अभ्यासकांनीं तो एक कोटीच्या पुष्कळ वर नेला. मेलेल्यांची मोजणी ही सुद्धां सत्तेची गोष्ट आहे, हें त्यावरून उमजतें.

शेवटच्या दोन आठवड्यांत परीक्षा घेऊं नये. ‘१९३३ सालच्या एखाद्या सामान्य जर्मन शिक्षकास काय करतां आलें असतें?’ या एका प्रश्नावर मुलानें आठ-दहा पानें लिहावीं. आईबापांनीं त्यावर गुण देऊं नयेत. तीन प्रश्न लिहून निबंध परत द्यावा व तो पुन्हां लिहवावा. निबंधाचा निष्कर्ष आपल्या मताहून वेगळा निघाला आणि पुरावा पक्का असला, तर रागावूं नये. शिकविलेलें अंगीं लागल्याची तीच खूण होय.