घाटकोपर: वरचा फलाट, खालचा फलाट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. पण दहावीनंतर आपल्या सगळ्यांचा रोजचा संबंध आला तो घाटकोपर स्टेशनाशी, म्हणून मी त्याच्यावरच बोलते.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी घाटकोपरवरूनच गेली. भूगोलाच्या बाईंनी एकदा फळ्यावर दोन उभ्या रेषा काढून मुंबई समजावली होती. डावीकडची पश्चिम रेल्वे, उजवीकडची मध्य. माणसं सकाळी फोर्टात जाऊन संध्याकाळी परत येत होती, तोवर तेवढा नकाशा पुरला. मग कामंच सरकली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ झालं, पुढे मरोळ, चकाला, साकीनाक्याला कचेऱ्या आल्या आणि आपल्याला आडवं जायची गरज पडली. आडवी रेष फळ्यावर नव्हतीच! लोकलने अंधेरीला जायचं म्हणजे खाली दादर गाठा, पूल चढा आणि पुन्हा तेवढंच वर या. नाहीतर ३४० नंबरची बस. त्या बसने मी चार वर्षं नोकरी केली. साकीनाक्याला ती अशी उभी राहायची की उतरून चालणारी माणसं आमच्या पुढे जायची. आपल्या वर्गातल्या दोघींनी अंधेरीची चांगली नोकरी सोडली ती लग्नामुळे नव्हे, या रस्त्यापायी. हसू नका, दोघीही इथेच बसल्या आहेत.

८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं, साधारण २१ मिनिटं. मुंबईतल्या पहिल्या मेट्रोचं एक टोक आपल्या पश्चिमेला आलं. त्या दोघींना ती दहा-बारा वर्षं उशिरा मिळाली, हेही सांगितलं पाहिजे.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. लोकलच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, मेट्रोचं १४३५. म्हणजे एकीचा डबा दुसरीच्या रुळावर कधीच जाणार नाही. गाडी बदलायची ती माणसाने, आणि तीही पायी. आमच्याकडे दोन चांगल्या सिस्टिम जोडल्या की बोजा नेहमी जोडावर येतो. इथे तो जोड म्हणजे पादचारी पूल. खाली बारा डब्यांची लोकल रिकामी होते, वर मेट्रो चार डब्यांची. मधली सगळी माणसं पुलावर. दोन्ही गाड्या वेळेवर असल्या की गर्दी उलट वाढते.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. मेट्रो सुरू होण्याच्या पाच महिने आधी, जानेवारी २०१४ मध्ये, याच स्टेशनात लोकल पकडताना एक कॉलेजात जाणारी मुलगी फलाट आणि गाडीमधल्या फटीत पडली. तिचे दोन्ही हात गेले. त्यानंतर मुंबईतल्या फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला जोर आला. जूनमध्ये त्याच स्टेशनाच्या डोक्यावर मेट्रोचा फलाट उघडला, तो गाडीच्या तळाला बरोबर समतल. मुंबईला फट बुजवता येत नव्हती असं नाही. वरच्या फलाटावर ती कागदावर आखतानाच बुजवली, खालच्या फलाटावर एका मुलीचे हात गेल्यावर. मेट्रोचं कौतुक मीही करते, रोज तिनेच जाते. पण कौतुक करताना मला खालचा फलाट दिसतो.

आता स्टेशनात रुंद पूल आणि उन्नत डेक करायचं ठरलं आहे. गर्दी खाली न साठता वर पसरावी, असा त्यामागचा हिशेब. आराखडा ठीक वाटतो. लिफ्ट किती आणि कुठे, हे मात्र आपल्या वयाला आता विचारायला हवं. सर, बाई, तुम्ही परत जाताना मधला पूल घेऊ नका. आपली मुलं तुम्हाला रिक्षापर्यंत सोडायला येतील, यादी संयोजकांकडे आहे.