दुखण्याची बोली



१९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि पुढे कारखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी ट्रंकांबरोबर आपली दुखणीही मराठीतच आणली. आज मरोद्यातल्या एखाद्या घरातील आजी दवाखान्यात म्हणते, "पाठीत उसण भरली आहे, गुडघ्यात सणक येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात." सोबतचा नातू डॉक्टरांना सांगतो, "इनको दर्द है." तीन निराळी दुखणी एका शब्दात विरून जातात. दोष हिंदीचा नव्हे. तिच्यापाशी टीस, मरोड़, चुभन आहेतच. नातवापाशी ना ते शब्द आहेत, ना हे.

मराठीने दुखण्याचे बारकावे जपले आहेत. पू धरलेले गळू ठसठसते, किडका दात ठणकतो; ठणक्यात नाडीचा ठेका ऐकू येतो. खरचटलेले चुरचुरते, भाजलेले हुळहुळते, मिरची झोंबते. डोळ्यांत कचरा खुपतो, पायात काटा सलतो. कळ उठते, चमक निघते, मुरडा येतो. आणि प्रसूतीच्या 'कळा' अनेकवचनीच असतात, कारण त्या थांबून थांबून येतात.

रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत रुग्णापुढे ७८ शब्द वीस गटांत ठेवलेले असतात. वेदनेचे मोजमाप केवळ तीव्रतेने होत नाही, तिची जातही कळावी लागते, हे त्यामागचे सूत्र. आजी हे काम प्रश्नावलीविना करीत आली.

व्याकरणही पाहण्याजोगे आहे. 'डोके दुखते' म्हणताना कर्ता डोके असते. 'सिर में दर्द है' म्हणताना दर्द पाहुण्यासारखा डोक्यात येऊन बसतो. शेजारची छत्तीसगढी मात्र 'मूड़ पिरावत हे' म्हणते, म्हणजे मराठीच्याच वळणाने जाते! कामवाल्या बाईंना आजीचे दुखणे नातवाआधी उमगते, ते बहुधा यामुळेही असेल.

आणि 'कणकण'. ताप अजून चढलेला नाही, थर्मामीटर काही दाखवीत नाही, तरी अंगाला कळलेले आहे, अशा वेळेचा हा शब्द. नातवाने तो घरात शेकडो वेळा ऐकला आहे. स्वतःच्या अंगाविषयी मात्र तो अजून एकदाही उच्चारलेला नाही.